महाबोधीचा सातबारा

बोधगयेला महाबोधी विहाराच्या पाठीमागे, बोधिवृक्षाखाली, माणसं तासन् तास बसून असतात. कुणी जप करत असतं, कुणी डोळे मिटून बसलेलं असतं, आणि बरेच जण पान पडायची वाट बघत असतात. पान तोडायचं नाही, आपणहून गळालेलं मिळालं तर घ्यायचं. मी गेलो तेव्हा शेजारी यवतमाळकडच्या चौघीजणी बसल्या होत्या. पांढऱ्या साड्या, पायाशी एकच मोठी कापडी पिशवी. तासाभराने त्यांच्यातल्या थोरलीच्या पदरावर एक पान येऊन पडलं. तिने ते कपाळाला लावलं, मग बाकीच्या तिघींनी आळीपाळीने लावलं, आणि शेवटी पिशवीतल्या वंदनेच्या पुस्तिकेत जपून ठेवलं. "चौघींत मिळून एक," ती म्हणाली, "गावी गेल्यावर विहारात ठेवू."

थोड्या अंतरावर सासवडकडचं एक कुटुंब पिंडदानाला आलं होतं. मुंडण केलेले तिघे भाऊ, पत्रावळीवर पिंड, काळे तीळ, मंत्र सांगणारा पंडा. विधी आटोपला तेव्हा कानावर मराठी पडली म्हणून त्यांच्यातला एक वळला. "मावशी, कुठल्या तुम्ही?" मग गाडी कोणती, उतरलात कुठे, इथलं पाणी बाधलं का, अशा गप्पा निघाल्या. मुंडण केलेल्या माणसाने त्या पानाला लांबूनच हात जोडले.

त्या दोन्ही गटांच्या तिथे असण्याला कुणाचीच हरकत नव्हती, हे मला आधी नोंदवून ठेवायचं आहे. कारण महाबोधीचा वाद म्हटलं की एक धर्म दुसऱ्याला हुसकावून लावतो आहे, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. वाद आहे तो या वास्तूचा कारभार कुणी पाहायचा, याचा. तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि अजून मिटलेला नाही.

आज हा कारभार चालतो १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने. बिहार विधिमंडळाने केलेल्या या कायद्यात समितीचे आठ सदस्य राज्य सरकार नेमतं. चार बौद्ध, चार हिंदू. हिंदूंच्या चौघांत बोधगयेच्या शैव मठाच्या महंतांची जागा कायद्यानेच राखलेली. अध्यक्ष गयेचा जिल्हाधिकारी. मूळ कायद्यात पुढे आणखी एक अट होती: जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर तेवढ्या काळापुरता सरकारने एखादा हिंदू अध्यक्ष नेमावा. म्हणजे बुद्धाला जिथे बोधी प्राप्त झाली त्या जागेच्या समितीत बौद्ध नेहमीच चारास पाच असे अल्पमतात राहतील, याची तजवीज कायद्याच्या मजकुरातच होती. ही अट २०१३ साली काढली गेली. चारास चार आणि वर सरकारी अधिकारी, ही रचना मात्र तशीच आहे.

हा बिहारचा प्रश्न आहे, आपल्याला त्याचं काय, असं मराठी वाचकाला म्हणता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. चार भारतीय बौद्धांपैकी तिघे आपल्या राज्यातले. १९९२ पासून महाबोधीच्या मुक्तीचं आंदोलन ज्यांनी उभं केलं ते भदंत सुरई ससाई जन्माने जपानी असले तरी नागपूरचे. कामठीच्या सुलेखा कुंभारे यांनी हा कायदा रद्द व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ती ऐकण्यास नकार देऊन उच्च न्यायालयात जायला सांगितलं. फेब्रुवारी २०२५ पासून बोधगयेत भिक्षूंचं उपोषण आणि धरणं सुरू झालं, तेव्हा तिथे पोचलेल्या माणसांत विदर्भ-मराठवाड्यातली माणसं मोठ्या संख्येने होती. महाराष्ट्रातल्या बौद्धेतरांनी मात्र या सगळ्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केलं. मी स्वतः वारकरी घरातला. माझ्याही घरी हा विषय कधी निघाला नव्हता, आणि याची मला खंत वाटते.

आता या जागेचा फेरफार बघू. सम्राट अशोकाने इथे पहिलं पूजास्थान उभारलं, ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. आज दिसतं ते उंच विटांचं मंदिर साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं. सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तेव्हा जागा गजबजलेली होती. मग १२३४ च्या सुमारास धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्षू आला, त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. हल्ल्यांच्या भीतीने भिक्षू पळून गेले होते, जेमतेम चार उरले होते. त्यांनी गाभाऱ्याचं दार विटांनी बंद करून वरून गिलावा केला होता आणि त्या गिलाव्यावर महेश्वराचं चित्र काढलं होतं. आतला बुद्ध वाचावा म्हणून बाहेर शंकर. ज्याने ते चित्र रेखाटलं त्या भिक्षूच्या मनात त्या क्षणी मालकीचा प्रश्न नसावा, फक्त मूर्ती वाचवायची असावी.

त्यानंतरची काही शतकं ही जागा जवळजवळ ओस पडली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस घमंडी गिरी नावाचे शैव संन्यासी तिथे राहिले, त्यांचा मठ झाला, मठाला जमिनी मिळाल्या, आणि पुढे मोगल बादशहाच्या सनदेचा आधार मठाकडून सांगितला जाऊ लागला. मठाने ही जागा बौद्धांकडून हिसकावली असं म्हणायला पुरावा नाही. ती रिकामी होती, ते आले आणि राहिले. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाच्या राजाने दुरुस्तीसाठी माणसं पाठवली, मग इंग्रज सरकारने पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम आणि बेगलर यांच्या देखरेखीखाली मोठी डागडुजी केली. मठ कारभारी होता, पण इमारत उभी राहिली ती इतरांच्या पैशातून आणि कष्टातून, हेही ध्यानात ठेवायला हवं.

१८९१ च्या जानेवारीत सिंहलद्वीपातून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, अनागारिक धर्मपाल हे बौद्ध धर्मप्रचारक आले आणि जागेची अवस्था पाहून तिथेच राहण्याचा त्यांनी निश्चय केला. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी जपानहून भेट आलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर ठेवली. महंतांच्या माणसांनी ती उचलून बाहेर काढली. धर्मपाल फौजदारी कोर्टात गेले. गयेच्या मॅजिस्ट्रेटने आरोपींना शिक्षा दिली, कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मंदिर महंतांच्या ताब्यात आहे आणि धर्मपालांना तिथे मूर्ती बसवण्याचा हक्क सिद्ध झालेला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. बौद्धांनी येऊन पूजा करण्याला कुणी हरकत घेतली नव्हती. पुढे महंतांनी दिवाणी दावा लावला, आणि जवळच्या बर्मी धर्मशाळेत नेऊन ठेवलेली ती मूर्तीही तिथून हलवावी लागली.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. कोर्टापुढे जागेचा वाद आला की कोर्ट विचारतं, कब्जा कुणाचा, कागद कुणाचा, वहिवाट किती वर्षांची. शेताच्या बांधाला हे प्रश्न योग्यच आहेत. गावात भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे की पीकपाहणीला ज्याचं नाव, त्याची बाजू निम्मी जिंकलेली. महाबोधीला हेच माप लावलं की उत्तर ठरलेलं असतं: जो शेवटी राहिला तो धनी. बौद्ध तिथे नव्हते, कारण हल्ल्यांच्या भीतीने त्यांना तिथून पळावं लागलं होतं. आणि जो नव्हता त्याची वहिवाट कुठून येणार?

अयोध्येच्या खटल्यातही जमिनीच्या हक्काच्या प्रश्नाचं असंच झालं. २०१० साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने जागा तिघांत वाटून दिली, आणि ती वाटणी कुणालाच मान्य झाली नाही. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९४९ मध्ये मूर्ती ठेवणं आणि १९९२ मध्ये मशीद पाडणं ही दोन्ही कृत्यं बेकायदेशीर म्हटली, आणि तरीही वादाची सगळी जमीन रामलल्लाला देऊन सुन्नी वक्फ बोर्डाला दुसरीकडे पाच एकर दिली. निकालावर कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट दिसते. जमिनीच्या हक्काचा दावा एकदा सुरू झाला की एक पूर्ण जिंकतो आणि दुसरा पूर्ण हरतो. मधलं काही कोर्टाच्या हाती फारसं उरत नाही.

म्हणून महाबोधीची मागणी इतिहासाच्या आधारावर करू नये, असं मी माझ्या आंबेडकरी मित्रांना कळकळीने सांगतो. हे अनेकांना आवडत नाही. "आमचं होतं, आम्हाला परत द्या" यात भावना खरी आहे, पण हीच वाट उद्या कुठे जाईल ते आपल्याच राज्यात बघा. लेण्याद्रीचा गिरिजात्मज अष्टविनायकांतला एक. तो बसला आहे तो बौद्ध विहारात, जुन्नरच्या डोंगरातल्या सातव्या लेण्यात. कार्ल्याला महाचैत्याच्या तोंडाशी एकवीरा आहे, कोळी आणि आगरी समाजाची कुलस्वामिनी, जिच्या पालखीला सगळी किनारपट्टी लोटते. पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्ध असल्याचं मत खुद्द डॉ. आंबेडकरांनी मांडलं होतं. जुन्या पंचांगांत दशावतारांच्या चित्रात नवव्या जागी बुद्ध म्हणून विटेवरचा विठोबाच काढलेला असे. खणत गेलं तर आपल्या पायाखाली जागोजागी दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी निघेल. हा वाद तेराव्या शतकापासून मोजायचा की इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्यापासून, हे ठरवायला कुठलंच कोर्ट पुरणार नाही.

मग माप कोणतं लावायचं? आज त्या जागी कुणाची उपासना जिवंत आहे, हे. महाबोधीच्या गाभाऱ्यात बुद्ध आहे. जगभरातून माणसं येतात ती बुद्धासाठी. २००२ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं ते बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचं स्थळ म्हणून, आणि नामांकन भारत सरकारने केलं होतं. तिबेटी, जपानी, थाई, भूतानी, बर्मी विहारांनी तो सगळा परिसर भरला आहे. हे बौद्ध धर्मस्थळ आहे की नाही, यावर वाद घालायला कुणीही शिल्लक नाही. वाद आहे तो चाव्यांचा. इतिहासात काय घडलं हे बाजूला ठेवलं तरी उत्तर तेच येतं, आणि म्हणून मला ही बाजू जास्त भक्कम वाटते.

याच मापाने १९९१ चा धर्मस्थळ कायदाही आडवा येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ज्या जागेचं जे धार्मिक स्वरूप होतं ते कायम राहील, असं तो म्हणतो. महाबोधीचं स्वरूप बदला असं कुणीच म्हणत नाही. बौद्ध स्थळ बौद्धांच्या हाती द्या, एवढीच मागणी आहे. आणि लेण्याद्रीला गणपती, कार्ल्याला एकवीरा, पंढरपूरला विठोबा, काशीत मंदिराला लागून मशीद, हे जसं आहे तसं राहू द्यायला हेच माप सर्वांना बांधून घेतं. ज्यांना महाबोधी हवं आहे त्यांनी हे बंधन मनापासून स्वीकारावं. आणि काशी-मथुरेचे दावे लावणाऱ्यांनी महाबोधीला "झालं गेलं विसरा" म्हणू नये.

१९४९ ची तडजोड त्या काळात वाईट नव्हती. १९२२ च्या गया काँग्रेसच्या सुमारास हा प्रश्न ऐरणीवर आला, पुढे राजेंद्र प्रसादांच्या समितीने हिंदू-बौद्धांची संयुक्त समिती सुचवली. महंतांच्या एकहाती ताब्यातून मंदिर काढून समितीकडे देणं, हे तेव्हा मोठं पाऊल होतं. प्रत्यक्ष हस्तांतर व्हायला १९५३ उजाडलं. पण त्या कायद्याचा एक पैलू क्वचितच बोलला जातो. समितीचे सदस्य भारतीयच असले पाहिजेत, ही त्यातली अट. १९५१ च्या जनगणनेत अख्ख्या देशात बौद्ध होते सुमारे एक लाख ऐंशी हजार, आणि महाराष्ट्राच्या भूभागात अवघे काही हजार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या गणनेत देशातला आकडा बत्तीस लाखांच्या वर गेला. ज्या समाजाचा आज या जागेवर सर्वांत मोठा भारतीय हक्क आहे, तो समाज कायदा झाला त्या दिवशी बौद्ध म्हणून जन्मालाच आला नव्हता. त्याच्या वतीने तडजोड करायला तिथे कुणी नव्हतं. भारतात बौद्ध जवळपास नाहीतच, या गृहीतकावर तो कायदा उभा होता, आणि ते गृहीतक सात वर्षांत कोसळलं.

हिंदू बाजूचे आक्षेप मी माझ्या घरच्यांकडून ऐकले आहेत, त्यामुळे ते टाळणार नाही. पहिला: बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, तेव्हा तो आमचाही. अवतार मानणाऱ्याने मानावं, जाऊन नमस्कार करावा. पण ज्यांनी दीक्षाभूमीवर हा अवतारवाद शपथेवर नाकारला, त्यांच्या विहाराची समिती त्याच वादाच्या बळावर चालवायची, याला जबरदस्ती म्हणतात. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात हिंदू शब्दात बौद्ध, जैन, शीख धरले आहेत, हेही सांगितलं जातं. ते स्पष्टीकरण सुधारणेपुरतं आणि मंदिरं सर्व जातींना खुली करण्यापुरतं आहे. सव्विसाव्या कलमाने प्रत्येक धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबी स्वतः चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि शिखांच्या गुरुद्वारांचा कारभार शिखांकडे असण्याला हे स्पष्टीकरण कधी आड आलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: बौद्धांकडे गेल्यावर पिंडदानाचं काय? गयाश्राद्धात बोधिवृक्षाचं स्थान जुनं आहे. १९४९ च्या कायद्याच्या अकराव्या कलमात हिंदूंना पूजेसाठी आणि पिंडदानासाठी प्रवेश आहे. ते कलम अक्षरही न बदलता राहिलं पाहिजे. काही आंदोलकांना हे मान्य नाही, ते मला ठाऊक आहे. पण सासवडच्या त्या तीन भावांना दाराबाहेर ठेवून मिळालेलं महाबोधी मला नको, आणि मला वाटतं त्या यवतमाळच्या मावशींनाही नको.

तिसरा आक्षेप तटस्थतेचा. जिल्हाधिकारी असला की दोन्ही बाजूंना न्याय, असं म्हणतात. मग वैष्णोदेवीकडे बघा. १९८८ च्या कायद्यात देवस्थान मंडळाचे अध्यक्ष राज्यपाल (२०१९ नंतर उपराज्यपाल); ते हिंदू नसतील तर त्यांनी एखाद्या मान्यवर हिंदूला नेमावं, असं त्यात लिहिलं आहे. कुणालाही यात काही गैर वाटलं नाही, मलाही वाटत नाही. देवीचा कारभार देवीच्या भक्तांनी पाहावा हे साधं आहे. पंढरपूरच्या समितीवर निम्मे बौद्ध असावेत असं उद्या कुणी सुचवलं तर आपण काय म्हणू, हा प्रश्न मी घरी विचारला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "त्यांचं त्यांना द्यायला पाहिजे."

पंढरपूरचा विषय निघालाच आहे तर तो धडाही बघायला हवा. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७३ चा, आणि सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं. हक्क गेले ते योग्यच झालं. पण त्यांच्या जागी आली ती सरकारने नेमलेली समिती, आणि सरकार बदललं की समितीच्या खुर्च्यांकडे डोळे लागतात हे पंढरपुरात कुणालाही विचारा. शिखांच्या गुरुद्वारांचा कारभार पाहणारी शिरोमणी समिती निवडून येते, पण तिची शेवटची सार्वत्रिक निवडणूक झाली २०११ साली. तेव्हा "बौद्धांच्या हाती द्या" एवढ्यावर थांबून भागणार नाही. कुठल्या बौद्धांच्या? थेरवादी भिक्षूंच्या, तिबेटी लामांच्या, की नागपूर-औरंगाबादच्या उपासकांच्या? परदेशातून येणाऱ्या दानाचा हिशोब कोण बघणार? बिहारमधल्या स्थानिक बौद्धांचं स्थान काय? आंदोलनाने याची उत्तरं आत्ताच लिहून काढावीत. जागा हाती आल्यावर ती शोधायला गेलं तर मठाच्या जागी आणखी एक मठ उभा राहायला वेळ लागत नाही.

माझ्यापुरतं उत्तर असं. समितीचे सगळे सदस्य बौद्ध, त्यातले निम्म्याहून अधिक उपासक-उपासिका, आणि स्त्रियांना नक्की जागा. सदस्य नेमणुकीने नव्हे, बौद्ध संस्थांच्या मतदार यादीतून ठरावीक मुदतीसाठी यावेत. जिल्हाधिकाऱ्याकडे सुरक्षा आणि हिशोबतपासणी राहावी, अध्यक्षपद नको. हिंदू-बौद्धांत वापराबाबत वाद झाला तर आजच्या कायद्यात राज्य सरकारचा शब्द शेवटचा आहे. तो न्यायालयाचा असावा. महंतांच्या मठाची स्वतःची इमारत, समाधी, जमीन यांना कुणी हात लावू नये. चार शतकं ते तिथे आहेत, त्यांचीही ती जागा आहे.

यासाठी अयोध्येसारखा दावा लढवण्याची गरज नाही, उत्खनन नको, जुन्या सनदांचे फारसी तर्जुमे नकोत. बदलायचं आहे ते मुख्यतः कायद्याचं तिसरं कलम, ज्यात समितीची रचना लिहिली आहे. बिहार विधिमंडळाने २०१३ मध्ये अध्यक्ष हिंदूच हवा ही अट काढली, तेव्हाही थोडी खळखळ झाली होती, आणि अट गेल्यावर पूजेत, पिंडदानात की गर्दीत कुठेही काही फरक पडला नाही. तेच कलम पुन्हा एकदा उघडायचं आहे.